देव घरी येतो तेव्हा

श्रोतेहो, कोणत्याही भक्ताच्या मनात देवाविषयी दोन भाव एकाच वेळी नांदत असतात. देव थोर आहे, पवित्र आहे, त्याच्यापुढे उभे राहण्याची आपली योग्यता नाही, हा एक भाव. आणि देव आपला आहे, आईबापांहूनही जवळचा आहे, हाक मारली तर तो ऐकतो, हा दुसरा. पहिला भाव माणसाला उंबरठ्याबाहेर थांबवितो; दुसरा त्याला आत ओढतो. ख्रिस्ती धर्मात या दोन्ही भावांना सारखाच मान आहे. परंतु ग्रंथात शेजारी शेजारी लिहिलेल्या गोष्टी माणसांच्या आचरणात तशा शेजारी राहतातच असे नाही. कधी एक भाव बळावतो आणि दुसऱ्याला झाकून टाकतो. हे कसे घडत गेले, ते आज एका साध्या प्रश्नाच्या आधारे सांगावे असा विचार आहे. तो प्रश्न असा : ख्रिस्ती माणसाने कम्युनियन किती वेळा घ्यावे?

आमच्या रविवारच्या उपासनेला मिस्सा म्हणतात, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. या उपासनेत धर्मगुरू वेदीवर भाकर व द्राक्षारस अर्पण करतात आणि येशू ख्रिस्ताने आपल्या अखेरच्या भोजनाच्या वेळी उच्चारलेले शब्द उच्चारतात. त्यानंतर त्या भाकरीच्या व द्राक्षारसाच्या रूपात स्वतः ख्रिस्त उपस्थित असतो, अशी कॅथलिक लोकांची श्रद्धा आहे. ती पवित्र भाकर मग भाविकांना दिली जाते. तिलाच कम्युनियन किंवा ख्रिस्तप्रसाद म्हणतात. यावरून ध्यानात येईल की, हा प्रसाद किती वेळा घ्यावा हा नुसत्या रीतिरिवाजाचा प्रश्न नाही. ज्याच्या नावाने मस्तक लवावे तो देव आपल्या मुखात, आपल्या देहात येणार; मग त्याला रोज बोलवावे, की आपली योग्यता होईपर्यंत थांबावे? या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्ती समाजाने दोन हजार वर्षांत अनेक वेळा बदलले, आणि प्रत्येक उत्तरामागे देवाविषयीची एक समजूत उभी होती.

जोडे काढण्याची जागा

ख्रिस्ती धर्माला पावित्र्याची कल्पना यहुदी लोकांच्या धर्मग्रंथांतून मिळाली. मोशे हा मेंढरे चारीत असताना त्याला जळत असूनही भस्म न होणारे झुडूप दिसले. तो पाहावयास जवळ गेला, तोच वाणी झाली की, ही भूमी पवित्र आहे, पायांतले जोडे काढ. पुढे जेरुसलेम येथे मंदिर उभे राहिले तेव्हा त्याचा अगदी आतला गाभारा पडद्याने झाकलेला असे. त्या परमपवित्र स्थानात वर्षातून एकच दिवस, प्रायश्चित्ताच्या दिवशी, एकटा प्रमुख याजक प्रवेश करी. इ. स. पूर्व ६३ मध्ये रोमन सेनापती पॉम्पी याने जेरुसलेम जिंकले आणि तो त्या गाभाऱ्यात शिरला. आत कोणतीही मूर्ती नव्हती, हे रोमन इतिहासकार टॅसिटस याने आवर्जून नोंदविले आहे. ज्याची प्रतिमा करता येत नाही आणि ज्याच्या जवळ सहजासहजी जाता येत नाही, असा तो देव होता.

परंतु याच ग्रंथांत दुसराही सूर आहे. होशेय या संदेष्ट्याने आपल्या लोकांना चालावयास शिकविणारा, त्यांना हातांवर उचलून घेणारा देव वर्णिला आहे. यशया या संदेष्ट्याला मंदिरात देवाच्या वैभवाचे दर्शन झाले, तेव्हा आपले ओठ अशुद्ध आहेत या जाणिवेने तो घाबरून गेला. त्या वेळी एका देवदूताने वेदीवरचा निखारा चिमट्याने उचलून त्याच्या ओठांना लावला आणि त्याचा दोष दूर झाल्याचे सांगितले. पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरेने या निखाऱ्याला ख्रिस्तप्रसादाची उपमा दिली, ती यामुळेच. जे पवित्र आहे ते अशुद्ध ओठांना भस्म करीत नाही, शुद्ध करते, असा त्या प्रसंगाचा अर्थ आहे.

दोन यजमान

येशू ख्रिस्त देवाला हाक मारताना आपल्या अरामी मातृभाषेतील ‘अब्बा’ हा घरात वडिलांसाठी वापरला जाणारा शब्द योजीत असे, आणि आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी ग्रीक भाषेत लिहितानाही तो शब्द जसाच्या तसा जपून ठेविला. त्याने शिष्यांना जी प्रार्थना शिकविली तिच्यात देवाला प्रथम पिता म्हणून संबोधिले आहे. पण त्यानंतरची पहिलीच मागणी त्याचे नाव पवित्र मानले जावे, अशी आहे. पिता म्हणण्याचा अधिकार मिळाला म्हणून नावाचा आदर संपला असे त्याने कोठेही सुचविले नाही.

शुभवर्तमानात दोन माणसांच्या कथा आहेत. आजच्या विषयासाठी त्या फार महत्त्वाच्या आहेत. पहिला कफर्णहूम येथील एक रोमन शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरील अधिकारी. त्याचा चाकर आजारी होता. येशू त्याच्या घरी यावयास निघाला, तेव्हा त्याने कळविले की, आपण माझ्या छपराखाली यावे एवढी माझी योग्यता नाही. आपण एक शब्द बोला म्हणजे पुरे. दुसरा यरीहो गावचा जक्कय. हा मुख्य जकातदार, श्रीमंत आणि लोकांच्या तिरस्काराचा धनी. अंगाने ठेंगणा असल्याने गर्दीत त्याला काही दिसेना, म्हणून तो उंबराच्या झाडावर चढला. येशूने त्याला वर पाहून हाक मारली आणि आज तुझ्या घरी उतरावयाचे आहे असे सांगितले. तो तत्काळ खाली उतरला आणि मोठ्या आनंदाने त्याने त्याला घरी नेले. एकाने आदराने देवाला दाराबाहेर थांबविले. दुसऱ्याने आनंदाने दार उघडले. शुभवर्तमानात या दोघांपैकी कोणालाही दोष दिलेला नाही. शताधिपतीच्या श्रद्धेची येशूने वाखाणणी केली, आणि जक्कयच्या घराला तारण लाभल्याचे सांगितले.

घराघरांतली भाकर

पहिल्या तीन शतकांतील ख्रिस्ती लोक बहुतांशी जक्कयच्या वाटेने गेले. तेव्हा मोठी चर्चे नव्हती. लोक कोणाच्या तरी घरी जमत. इ. स. १५५ च्या सुमारास जस्टिन या हुतात्म्याने रोमन बादशहासाठी जे निवेदन लिहिले, त्यात रविवारच्या उपासनेचे वर्णन आहे. उपस्थित असलेले सर्वजण हा प्रसाद घेत आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे तो पोहोचविला जाई, असे त्यावरून कळते. सुमारे इ. स. २०० मध्ये आफ्रिकेतील कार्थेज येथील तर्तुलियन याच्या लेखनावरून असे दिसते की, लोक पवित्र भाकर घरी नेऊन ठेवीत आणि सकाळी इतर कोणत्याही अन्नाच्या आधी तिचा अंश घेत. छळाचा काळ होता. धर्मगुरू केव्हा पकडला जाईल याचा नेम नसे. घरातल्या फडताळात देव ठेवून माणसे कामाला जात होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. इ. स. ३७२ च्या सुमारास संत बेसिल यांनी एका पत्रात लिहिले की, आपल्याकडे आठवड्यातून चार वेळा, म्हणजे रविवारी, बुधवारी, शुक्रवारी आणि शनिवारी, लोक प्रसाद घेतात.

ही जवळीक म्हणजे बेपर्वाई मात्र नव्हती. संत पौलाने करिंथ येथील लोकांना पूर्वीच बजावले होते की, प्रत्येकाने आधी स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे. जेरुसलेमचे बिशप संत सिरिल यांच्या नावाने चौथ्या शतकातील काही प्रवचने आजही उपलब्ध आहेत. त्या काळी प्रसाद हातावर देत असत. नवदीक्षितांना त्या प्रवचनात सांगितले आहे की, राजा येणार आहे, म्हणून डावा हात उजव्या हाताखाली सिंहासनासारखा धरावा आणि त्याचा एक कणही खाली पडू देऊ नये. कोळ्याचा, सुताराचा, गुलामाचा घट्टे पडलेला तळहात राजाचे सिंहासन ठरतो, ही कल्पना मला फार हृद्य वाटते. देवाचे मोठेपण आणि त्याची जवळीक या दोहोंना तेथे एकाच ओंजळीत जागा मिळाली आहे.

लोक मागे सरले

इ. स. ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्माला रोमन साम्राज्यात मोकळीक मिळाली आणि थोड्याच काळात तो राजधर्म झाला. लोक झुंडीने आत आले, भव्य चर्चे उभी राहिली, उपासनेला राजदरबाराचा थाट आला. याच सुमारास ख्रिस्त हा खरोखर देव आहे की देवाने निर्मिलेला एक श्रेष्ठ जीव आहे, असा मोठा वाद उद्भवला. इ. स. ३२५ मध्ये निकया येथील धर्मपरिषदेने तो पित्याशी एकरूप असा खरा देव आहे असा निर्णय दिला. त्या निर्णयाचे रक्षण करण्यासाठी उपदेशक ख्रिस्ताच्या देवत्वावर भर देऊ लागले. वेदीचे वर्णन करताना भय, कंप, थरकाप हे शब्द त्यांच्या तोंडी येऊ लागले. संत जॉन ख्रिसोस्तोम हे त्या काळचे सर्वश्रेष्ठ वक्ते. त्यांची प्रवचने अशा शब्दांनी भरलेली आहेत. आणि त्यांनीच एका प्रवचनात खेदाने म्हटले आहे की, आम्ही वेदीपाशी व्यर्थ उभे असतो, प्रसाद घ्यावयाला कोणीच येत नाही. वर्षातून एखाद्या सणाला मात्र लोक तयारी असो वा नसो, गर्दी करीत. सणाचा दिवस पाहू नका, आपले अंतःकरण पाहा, असे त्यांचे सांगणे होते.

इ. स. ४०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचे बिशप संत ऑगस्टिन यांना एका गृहस्थाने पत्र लिहून विचारले की, काही ठिकाणी लोक रोज प्रसाद घेतात, काही ठिकाणी ठराविक दिवशीच घेतात. यांतले योग्य कोणते? ऑगस्टिन यांनी उत्तरात नेमक्या जक्कय आणि शताधिपती यांच्याच कथा सांगितल्या. एकाने प्रभूला घरात घेतले, एकाने घरात घेण्याचे धाडस केले नाही. पण ते दोघे एकमेकांशी भांडले नाहीत, आणि दोघांनीही प्रभूचा सन्मानच केला. रोज घेणारा आदरापोटी घेतो, न घेणाराही आदरापोटीच थांबतो. अनादर तेवढा कोणी करू नये, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. या विषयावर इतके समंजस लेखन पुढील कित्येक शतकांत क्वचितच झाले.

प्रत्यक्षात मात्र शताधिपतीची सरशी होत गेली. इ. स. ५०६ मध्ये दक्षिण फ्रान्समधील आग्द येथील परिषदेला असा नियम करावा लागला की, नाताळ, ईस्टर व पेन्टेकॉस्ट या तीन सणांना तरी प्रसाद घ्यावा. सातशे वर्षांनंतर, १२१५ साली, रोम येथील चौथ्या लातेरान परिषदेने वर्षातून एकदा पापनिवेदन करून ईस्टरच्या सुमारास एकदा तरी प्रसाद घेणे सर्वांना सक्तीचे केले. शाळेत उत्तीर्ण होण्यासाठी किमान गुण ठरवावेत आणि विद्यार्थ्यांनी तेवढेच गुण मिळविण्याचा निश्चय करावा, तसे येथे झाले. किमान म्हणून घातलेली मर्यादा पुष्कळांनी कमाल मानली.

पाहण्याची भूक

माणूस भाकरीपासून दूर गेला, पण त्याची भूक गेली नाही. खाण्याचे धैर्य होत नव्हते म्हणून तो पाहू लागला. तेराव्या शतकाच्या आरंभी धर्मगुरूंनी पवित्र भाकर मिस्सेत दोन्ही हातांनी उंच धरण्याची रीत पॅरिसकडून सर्वत्र पसरली. त्या क्षणी घंटा वाजे आणि लोक माना उंचावून पाहत. मोठ्या शहरांत काही लोक तर तो क्षण गाठण्यासाठी एका चर्चमधून दुसऱ्या चर्चकडे धावत. बेल्जियममधील लिएज येथील ज्युलियाना नावाच्या संन्यासिनीच्या आग्रहाने १२४६ साली तेथे ख्रिस्तशरीराचा सण सुरू झाला आणि १२६४ साली पोप चौथे अर्बन यांनी तो सर्व ख्रिस्तसभेसाठी लावून दिला. छत्राखालून, फुलांनी सजविलेल्या रस्त्याने पवित्र भाकरीची मिरवणूक निघते, ती याच सणाची. त्या दर्शनात खरी भक्ती होती, यात शंका नाही. परंतु जेवावयास बोलाविलेल्या पाहुण्याने ताटाला नमस्कार करून उपाशीच परत जावे, तसा काहीसा हा प्रकार झाला होता.

त्याच शतकातील थोर तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वाइनस यांनी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. तेही जक्कय आणि शताधिपतीपाशीच येतात. आदरातून भीती उत्पन्न होते, प्रेमातून रोज घेण्याची इच्छा उत्पन्न होते. दोन्ही देवाच्या सन्मानाच्याच गोष्टी आहेत, असे ते म्हणतात. पण ते तेवढ्यावर थांबत नाहीत. धर्मग्रंथ आपल्याला प्रेमाकडे आणि आशेकडे सदैव बोलावतो, म्हणून ती दोन्ही भीतीहून श्रेष्ठ होत, असा निर्वाळा त्यांनी दिला. तराजूच्या दोन्ही पारड्यांचा मान राखून त्यांनी एक पारडे किंचित खाली दाबले. ते त्यांचे बोल अमलात यावयास मात्र सहा शतकांहून अधिक काळ लागला.

आदराचा अतिरेक

१५६२ साली त्रेंत येथील परिषदेने मिस्सेला उपस्थित असलेल्यांनी प्रत्येक वेळी प्रसादही घ्यावा अशी इच्छा व्यक्त केली. तिनेच ११ वर्षांपूर्वी या प्रसादाला दैनंदिन दोषांवरील औषध म्हटले होते. येशूसंघाचे धर्मगुरू वरचेवर प्रसाद घेण्यास लोकांना उत्तेजन देऊ लागले. याला फ्रान्समध्ये तीव्र प्रतिक्रिया उमटली. पॅरिसनजीकच्या पोर्ट रॉयल मठाच्या वर्तुळातील आंत्वान आर्नो या विद्वान धर्मशास्त्र्याने १६४३ साली वरचेवर घेतल्या जाणाऱ्या कम्युनियनवर एक ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे असे की, आदल्या दिवशी पाप, दुसऱ्या दिवशी निवेदन आणि तिसऱ्या दिवशी प्रसाद ही थट्टा आहे. आधी दीर्घ प्रायश्चित्त करावे, अंतःकरण निर्मळ झाल्याची खात्री पटवावी, मगच वेदीजवळ यावे.

आर्नोच्या म्हणण्यात तथ्य मुळीच नव्हते असे नाही. दरबारी स्त्रीपुरुषांच्या दिखाऊ धर्माचरणाला तो विटला होता. पण त्याच्या उपायाचा परिणाम भलताच झाला. गोरगरिबांत आयुष्य वेचणारे संत व्हिन्सेंट डी पॉल यांनी १६४८ साली एका पत्रात तक्रार केली की, या ग्रंथामुळे पॅरिसच्या चर्चमध्ये प्रसाद घेणाऱ्यांची संख्या घटली आहे. त्यांचा आक्षेप साधा होता : ग्रंथात सांगितलेली योग्यता मिळाल्याशिवाय जावयाचे नसेल, तर पृथ्वीवर जाणार तरी कोण? येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. शताधिपतीने आपली अपात्रता सांगितली ती देवाकडे पाहून. आर्नोच्या अनुयायांची नजर हळूहळू देवावरून निघून स्वतःच्या पात्रतेवर खिळली. आपण पुरेसे शुद्ध झालो का, हे रोज मोजीत बसणारा माणूस दिसावयास नम्र असतो. परंतु त्याचे सारे ध्यान स्वतःकडेच असते.

ही छाया फ्रान्समध्ये फार काळ रेंगाळली. लिझ्योची संत तेरेजा हिचा जन्म २ जानेवारी १८७३ चा. प्रथम कम्युनियनसाठी वयाचा जो नियम तेथे होता, त्यात ती दोन दिवसांनी कमी पडली आणि तिला आणखी एक वर्ष थांबावे लागले. या दोन दिवसांचे तिला अतोनात दुःख झाले. अखेर ८ मे १८८४ रोजी, वयाच्या अकराव्या वर्षी, तिला तो प्रसाद मिळाला. पुढे ती मठात गेली. तेथेही रोज प्रसाद घेण्याची मोकळीक नव्हती, त्याचे दिवस नेमून दिलेले असत. १८९७ साली, चोविसाव्या वर्षी, ती क्षयाने वारली. देवाच्या जवळीकीवर जिने सर्व जगाला शिकविले, तिला त्याच्या भोजनासाठी वाट पाहावी लागली.

पंक्तीत मुलांना जागा

हे बदलले ते इटलीतील रिएझे या खेड्यात एका गरीब घरात जन्मलेल्या पोपच्या हातून. दहावे पायस यांनी खेडेगावातील धर्मगुरू म्हणून बरीच वर्षे काम केले होते. त्यांच्या आज्ञेने २० डिसेंबर १९०५ रोजी निघालेल्या फर्मानाने रोज प्रसाद घेण्याचा मार्ग सर्वांना मोकळा केला. अटी दोनच : मनुष्य गंभीर पापाच्या अवस्थेत नसावा आणि त्याचा हेतू शुद्ध असावा. हेतू शुद्ध असावा म्हणजे सवय, दिखाऊपणा किंवा लोकलाज यांपायी त्याने येऊ नये. हा प्रसाद सद्गुणांचे बक्षीस नव्हे, हे त्या फर्मानात स्पष्ट केले होते. ८ ऑगस्ट १९१० रोजी दुसरे फर्मान निघाले. तोवर अनेक देशांत मुलांना दहा, बारा, कधी चौदा वर्षांपर्यंत थांबविले जाई. यापुढे समज येण्याचे वय, म्हणजे साधारण सात वर्षे, पुरेसे मानले जावे. साध्या भाकरीतला आणि या भाकरीतला भेद मुलाला कळला म्हणजे झाले, असे ठरले. फ्रान्समध्ये काही जणांना हे धक्कादायक वाटले. एवढ्या लहान मुलांना एवढ्या मोठ्या रहस्याचे काय कळणार, असे ते म्हणत.

मी शिक्षक आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात या वयाच्या मुलांची तयारी करवून घेण्याचे काम वर्षानुवर्षे माझ्याकडे आहे. मोठ्यांना जो विरोध वाटतो तो या मुलांना वाटत नाही, असे मी पाहत आलो आहे. संध्याकाळी वडिलांच्या मांडीवर बसणारे मूल वडिलांचा शब्दही मानते. मांडी आणि धाक यांत निवड करण्याची पाळी त्याच्यावर येत नाही. प्रसाद घेण्यापूर्वी हात जोडा असे त्याला एकदाच सांगावे लागते. जवळ जा, हे तर सांगावेच लागत नाही.

यानंतरचे बदल वेगाने झाले. पूर्वी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेता उपवास करावा लागे. ज्यांना पहाटे कामावर जावयाचे, ज्यांना मैलोगणती चालत चर्चला यावयाचे, त्यांना हा नियम फार कठीण जाई. १९५३ साली पोप बारावे पायस यांनी पाणी पिण्यास मोकळीक दिली. १९५७ साली उपवास तीन तासांवर आणला. आणि २१ नोव्हेंबर १९६४ रोजी पोप सहावे पॉल यांनी तो एका तासावर आणल्याचे जाहीर झाले. पुढच्याच आठवड्यात मुंबईत ओव्हल मैदानावर याच संस्काराच्या सन्मानार्थ अडतिसावी आंतरराष्ट्रीय परिषद सुरू झाली आणि तिच्यासाठी स्वतः सहावे पॉल भारतात आले. या भूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप होत. इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी उपनिषदातील अंधारातून प्रकाशाकडे नेण्याच्या प्रार्थनेचा आदराने उल्लेख केला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेला उपासनेत वाव दिला, आणि त्यानंतर आपल्याकडे मराठीत व कोकणीत मिस्सा होऊ लागली. आपल्या घरात जी भाषा बोलली जाते तिच्यातच देवाशी बोलता येऊ लागले. देव घराजवळ आणखी एक पाऊल आला.

आजचा धोका

आज कॅथलिक चर्चमध्ये रविवारी बहुसंख्य लोक प्रसाद घेतात. ख्रिसोस्तोम यांची तक्रार आज कोणी करणार नाही. पण आता धोका दुसऱ्या बाजूने आहे. जे रोज मिळते त्याचे मोल वाटेनासे होते. रांग पुढे सरकते म्हणून आपणही सरकतो. खिशातल्या भ्रमणध्वनीची घंटा वेदीच्या घंटेत मिसळते. पूर्वी भीतीने माणूस देवापासून दूर राहिला. आता देवाच्या इतक्या जवळ येऊनही सवयीमुळे तो दूरच राहू शकतो. १९०५ च्या फर्मानात सवयीला दोष म्हणून नोंदविले होते, ते किती दूरदृष्टीचे होते हे आता कळते.

२०२० साली महामारीमुळे जगभर चर्चची दारे बंद झाली, तेव्हा अनेकांना या गोष्टीची तीव्र आठवण झाली. २७ मार्च रोजी संध्याकाळी पोप फ्रान्सिस यांनी पावसात, निर्मनुष्य झालेल्या संत पेत्र चौकासमोर पवित्र भाकर उंच धरून जगाला आशीर्वाद दिला. कोट्यवधी लोक घरी बसून ते दूरचित्रवाणीवर पाहत होते. तेराव्या शतकातील लोकांप्रमाणे त्यांनाही त्या दिवसांत नुसते पाहावे लागत होते. दारे उघडल्यावर प्रथमच वेदीपाशी गेलेल्या किती तरी वृद्ध माणसांच्या डोळ्यांत पाणी होते. भूक काय असते हे त्यांना पुन्हा कळले होते.

श्रोतेहो, या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट मात्र अबाधित राहिली. मध्ययुगापासून मिस्सेत प्रसाद घेण्याच्या अगदी आधी त्या रोमन शताधिपतीचेच उद्गार म्हटले जातात. पूर्वी ते लॅटिनमध्ये तीनदा म्हणत, आता आपापल्या भाषेत एकदा म्हणतात. आपण माझ्या घरी यावे एवढी माझी योग्यता नाही, असे सारे लोक एका स्वरात म्हणतात, आणि त्यानंतर लगेच उठून तो प्रसाद घ्यावयास पुढे जातात. परक्याला यात विसंगती वाटेल. योग्यता नाही म्हणता, मग जाता कशाला? पण ख्रिस्ती श्रद्धेचे म्हणणे असे आहे की, योग्यता असती तर जाणे हा हक्क झाला असता. योग्यता नसताना बोलावणे आले, म्हणून ते प्रेम ठरते. बोलावणाऱ्याचे मोठेपण विसरले तर त्या बोलावण्याचे नवल उरत नाही, आणि त्याची जवळीक नाकारली तर त्याचे मोठेपण आपल्याला नुसते भिववीत राहते.

संत ऑगस्टिन म्हणाले होते की, जक्कय आणि शताधिपती एकमेकांशी भांडले नाहीत. ख्रिस्तसभेने शताधिपतीचे शब्द ओठांवर ठेविले आणि जक्कयप्रमाणे दार उघडले. या दोघांना एकाच माणसाच्या ठायी सुखाने नांदविणे हे कोणत्याही परिषदेच्या ठरावाने होणारे काम नाही. ते ज्याचे त्याने, दर रविवारी, वेदीकडे जाणाऱ्या त्या चारदोन पावलांत करावयाचे आहे.